माझं मी बघते

रविवार, रात्र

सकाळी सुनेला सहज विचारलं, "मग, दुसऱ्याचं काय ठरवलंय तुम्ही?" ती कपडे वाळत घालत होती. हातातला चिमटा तसाच धरून म्हणाली, "आई, ते माझं मी बघते." आवाज चढवला नाही. तरी मला राग आला. चांगला पाच-दहा मिनिटं टिकला.

मला दुसरा झाला १९९२ साली. बाळंतिणीच्या खाटेवरच माझ्या नसबंदीचं सगळं ठरलं. कोणी ठरवलं, ते आजही सांगता येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता बास." हे म्हणाले, "आई म्हणते तसं करू." यांची सही झाली, मग टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मी सव्वीस वर्षांची. मला तिसरं नकोच होतं, हे खरं. आणि म्हणूनच कधी तक्रार करता आली नाही. मनासारखंच तर झालं होतं! फक्त माझं मन कोणी विचारलं नव्हतं.

एका नर्सनं हळूच म्हटलं होतं, "यांची का नाही करत? सोपी असते." खोलीत हशा पिकला. "त्याला जड उचलावं लागतं," सासूबाई म्हणाल्या. पुरुषाच्या नसबंदीत पोटाला हात लावावा लागत नाही, भूल तेवढ्या जागेपुरती, माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. पुढचे तीनेक महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं, इतकंच. हे मला कळलं मुलाच्या लग्नानंतर. बादल्या मात्र मीच उचलल्या, टाके ओले असताना.

मुलं किती आणि किती अंतरानं, हे ठरवण्याचा हक्क बाईला पुरुषाच्या बरोबरीनं आहे, असं १९७९ च्या सीडॉ करारात, म्हणजे बायकांशी होणारा भेदभाव संपवायच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात लिहिलंय, सोळाव्या कलमात. म्हणजे माझ्या हातात पेन आलं तेव्हा तो कागद तेरा वर्षांचा होता. १९९४ ला कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी असंच काहीसं पुन्हा मान्य केलं. तोवर माझे टाके केव्हाच भरले होते.

आणि आज मी तोच प्रश्न घेऊन दोरीपाशी उभी. "तुम्ही" म्हणाले, पण उत्तर माझ्या मनात आधीच तयार होतं.

रात्री जेवताना यांनी विषय काढला. "एकाला एक सोबत हवी." मी म्हणाले, "तिचं ती बघेल." हे माझ्याकडे बघत राहिले. सून मान खाली घालून पोरीला भरवत होती. तिनं ऐकलं का, कळलं नाही. माझ्या आवाजात सकाळचा थोडा राग उरला होता, तेही लिहून ठेवते.