बाबांचं कॅलेंडर आणि ३:४२ ची भानगड

ऐरोली सुटलं आणि बाबांचा फोन आला. ट्रान्सहार्बरला सकाळच्या गर्दीत खिशातून फोन काढायचा म्हणजे शेजारच्याच्या बरगड्यांतून हात घालायचा, पण तिसऱ्यांदा वाजला म्हणून उचलला. "अरे, आपल्या खात्यात कोणीतरी शिरलंय. काल पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी."

आता आमचे बाबा नेटबँकिंग उघडलं की वरच्या कोपऱ्यातली ती बारीक राखाडी ओळ, शेवटचं लॉगिन अमुक तारीख अमुक वेळ, ती वाचतात. नुसती वाचत नाहीत, आपण कधी शिरलो ती वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवतात, दुधाच्या खाड्याशेजारी, त्याच पेनने, आणि पुढच्या वेळी टॅली करतात. मी पंधरा वर्षं महाप्याला सर्व्हर सांभाळतोय आणि ही ओळ कधी धड वाचली नव्हती.

खरंतर ती आपल्यासाठीच असते, मशीनला काय पडलंय. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधे लास्टलॉग नावाची फाइल असते, त्यात प्रत्येक यूजरला एकच खण, तुम्ही आत शिरलात की आधी खणातली जुनी वेळ आणि कुठून आला होतात ते वाचून दाखवणार आणि मग तिथेच पाटी पुसून आजची वेळ लिहिणार. सगळा इतिहास हवा तर त्याची फाइल वेगळी. आणि जो कधी फिरकलाच नाही त्याच्यापुढे 'नेव्हर लॉग्ड इन', दोन्हीकडे दोन दोन चांदण्या लावून. (आमच्या एका साहेबांनी भांडून ॲक्सेस घेतला होता, त्यांच्या चांदण्या अजून शाबूत आहेत.) विंडोजच्या डोमेनमधे, म्हणजे ऑफिसच्या एकत्र बांधलेल्या नेटवर्कमधे, तर ज्या कंट्रोलरने, म्हणजे पासवर्ड तपासणाऱ्या ज्या सर्व्हरने, तुम्हाला आत घेतलं, नेमकी वेळ त्याच्याकडेच राहते, सगळ्यांकडे पोचते ती चौदाएक दिवस शिळी असू शकते, आणि मोजायची कुठपासून तर १६०१ सालापासून, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी २९ वर्षं. असो.

"बाबा, कॅलेंडरवर काय लिहिलंय तुम्ही?"

"काल सकाळी ९:१२."

९:१२ मधून ३:४२ गेले की बरोब्बर साडेपाच तास. सर्व्हर यूटीसीमधे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ ठेवतो, त्यात चूक काही नाही, पण दाखवताना साडेपाच तास मिळवायचे असतात ते कोणीतरी विसरलं. चोर वगैरे कोणी नाही, ते तुम्हीच होतात, असं दोनदा समजावलं.

"म्हणजे लंडनची वेळ दाखवतायत? पैसे तर नौपाड्यातले आहेत."

याला काय उत्तर देणार, तोवर घणसोली आलं.

आता बाबा चौकोनात दोन वेळा लिहितात, एक आपली आणि एक बँकेची, दुधाला जागा उरत नाही म्हणून आईची कुरकुर चालू आहे. आणि मलाही ती ओळ वाचायची सवय लागली. परवा सोमवारी रात्री घरून सर्व्हरवर शिरलो, बायको शेजारी डाळिंब सोलत बसलेली, स्क्रीनवर आलं, लास्ट लॉगिन, रविवार, रात्री ८:२०. रविवारी ८:२० ला आम्ही तलावपाळीला होतो आणि मी "पाणीपुरीला जाम गर्दी आहे, आलोच" म्हणून पंधरा मिनिटं गायब होतो. आमचा सर्व्हर भारतीय वेळेवर आहे, त्यामुळे साडेपाच तासांचीही सोय नाही.

तिने वाचलं. डाळिंब सोलता सोलताच वाचलं.