झाला म्हणजे झाला

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फ्लॅटमध्ये पहाटे उटणं लावून आंघोळ झाली. कारीट इथे कुठलं, म्हणून अंगठ्याखाली एक चेरी टोमॅटो फोडला. नरकासुर समजून घेईल. आणि संध्याकाळी खिशात चकल्यांची पुडी घेऊन मी गामला उल्लेवी या फुटबॉल स्टेडियमच्या उभ्या प्रेक्षकांत.

मला नेणारा ऑफिसातला सहकारी. साठीचा, पण स्वीडिशमध्ये लहानथोर सगळ्यांना एकच 'दू', म्हणजे 'तू'. मनातल्या मनात मी त्याला 'अहो'च म्हणतो. तो 'ब्लोवित'चा, म्हणजे निळ्या-पांढऱ्या आयएफके गोथेनबर्गचा सभासद. १९८२ मध्ये क्लबने युएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली तेव्हा काही खेळाडू नोकरी सांभाळून खेळत होते, हे त्याने मला निदान बारा वेळा ऐकवलंय. २००७ नंतर लीग जिंकलेली नाही, हे मात्र माझं मलाच शोधावं लागलं.

समोरच्या म्येल्बी संघाने गोल केला. मी क्रिकेटवर वाढलेला. मान आपोआप मोठ्या पडद्याकडे वळली. आता रिप्ले, रेषा, थांबा. काहीच नाही. गोल झाला म्हणजे झाला.

ऑल्स्वेन्स्कान ही इथली १९२४ पासूनची अव्वल लीग, १६ संघांची. तिच्यात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचाचा निर्णय तपासायची पद्धत, नाही. परवडत नाही म्हणून नव्हे, नको म्हणून. क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत, असा इथे '५१ टक्क्यां'चा नियम आहे. सभासदांनी वार्षिक सभांमध्ये 'नको' म्हणून हात वर केले, आणि २०२४ मध्ये वरच्या दोन लीगमधल्या ३२ पैकी १८ क्लब विरोधात गेल्यावर स्वीडिश फुटबॉल फेडरेशनने व्हीएआरचा बेत गुंडाळला. वार्षिक सभेत! आमच्या पुण्याच्या सोसायटीत त्या सभेतून पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा मंजूर होत नाही.

पण ही माणसं औषधाच्या दुकानातही नंबराची चिठ्ठी काढून उभी राहणारी. यांना पंचाची चूक कशी चालते? मी विचारलं.

"चालते कुठे? चाळीस वर्षं पंचांना शिव्या देतोय," तो म्हणाला. "पण गोल झाल्यावर शेजारच्याला मिठी मारायची, की आधी तीन मिनिटं परवानगीची वाट बघायची?"

बसमध्ये दोघांची सीट असली तरी अनोळखी माणसाशेजारी शक्यतो कोणी बसत नाही, अशा गावातला हा माणूस. त्याच्यासाठी मिठी म्हणजे काय, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

म्येल्बीने दुसराही गोल केला. ०-२. हा क्लब हेलेविकचा. बाल्टिक समुद्राकाठचं जेमतेम आठशे वस्तीचं कोळ्यांचं गाव. प्रशिक्षक आंदेर्श तोर्स्तेन्सोन पूर्वी शाळेचे मुख्याध्यापक होते. माल्मो एफएफसारखा क्लब चोवीस वेळा स्वीडनचा विजेता झालेला, आणि त्या लीगमध्ये हे कोळीवाड्यातले लोक तीन सामने शिल्लक असताना आमच्याच मैदानावर पहिल्यांदा विजेते ठरले. पलीकडच्या कोपऱ्यात पिवळ्या-काळ्या रंगाचा नुसता कल्लोळ. कोण कोणाच्या गळ्यात पडतंय, कळायला मार्ग नव्हता.

आमच्या बाजूने गोल काही झाला नाही, त्यामुळे मिठी राहूनच गेली. चकल्या मात्र त्याने चार खाल्ल्या.