आधी विचारा, मग आखा

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. यंदा मी आमच्या कोथरूडच्या बसथांब्याजवळचा फूटपाथ लिहून दिला. मधोमध विजेची डीपी (वीजपुरवठ्याची पेटी), पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. काठी टेकत येणाऱ्या आजींना भर रहदारीत रस्त्यावर उतरावं लागतं. नकाशात हे दिसत नाही, रोज चालणाऱ्याला दिसतं.

मार्च २०२२ मध्ये वनाझपासून मेट्रो सुरू झाली, फार बरं झालं. पण स्टेशनपर्यंत पोचायचं कसं, हे ठरवताना पहाटेच्या पीएमपी बसने कामावर जाणाऱ्या मावशींना कुणी विचारतं का? खरं तर त्यांनाच सगळ्यात आधी विचारायला हवं! खांब उभे राहिल्यावर हरकती घेऊन काय उपयोग? आणि बैठक ठेवाल ती संध्याकाळी सातनंतर ठेवा, म्हणजे त्यांनाही येता येईल.