आमच्या गावाले कालवा कवा आला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला माझे डीटीपी आणि छपाईचे दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुके आणि उन्हाळा सरता सरता कृषी केंद्रांची पत्रके, असा त्याचा वर्षाचा क्रम ठरलेला आहे. पूर्वी या पत्रकांचा मजकूर सर्वांसाठी एकच असे. बियाण्याचा ठोक विक्रेता काही हजार प्रती छापून घेई, तळाशी दोन बोटे जागा कोरी सोडायला सांगे आणि त्या जागेत प्रत्येक दुकानदार आपला रबरी शिक्का मारून पत्रके वाटत असे. शिक्का तिरका बसे, शाई पसरे. पण वाचणाऱ्याला एवढे स्पष्ट कळे की वरचे बोलणे कंपनीचे आहे आणि आपल्या ओळखीच्या माणसाचा त्याखाली फक्त शिक्का आहे.

काही वर्षांपूर्वी खरीप हंगामाच्या तोंडावर एका ठोक विक्रेत्याने माझ्याकडे २१२ कृषी केंद्रांची यादी दिली. प्रत्येक केंद्रासाठी ५०० पत्रके आणि मोबाइलवर पाठवण्यासाठी एक चित्र करायचे होते. त्यावर दुकानाचे नाव, मालकाचे छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक तर हवाच होता, शिवाय त्या गावच्या जमिनीला साजेसा लागवडीचा सल्ला मालकाच्याच तोंडी घालायचा होता. हाताने करायला बसलो असतो तर दोन माणसांचे पंधरा दिवस गेले असते, म्हणून मी जाहिराती आपोआप तयार करणारे सॉफ्टवेअर घेतले. त्यामागचे तत्त्व आमच्या धंद्याला नवे नाही. कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंट मर्ज नावाने अशी सोय पूर्वीपासून आहे: एक साचा करायचा, त्यात बदलत्या मजकुराच्या जागा नेमून द्यायच्या, एक्सेलचा तक्ता जोडायचा, की तक्त्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक जाहिरात तयार होते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये भर होती ती जर-तरच्या नियमांची. गावापुढे ‘ओलीत’ असे लिहिलेले असेल तर एक मजकूर, ‘कोरडवाहू’ असेल तर दुसरा. नाव लांब असले तर ते अक्षर आपणहून लहान करते, छायाचित्र चेहरा मधोमध येईल असे कापते. हे सर्व मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला मनापासून आनंद झाला, हे नमूद केले पाहिजे.

माझी खरी धास्ती होती ती ‘शेतकऱ्यांनो’ या शब्दाची. या व्यवसायात मराठी अक्षरे जुळवणाऱ्या प्रत्येकाने या शब्दाचा त्रास भोगलेला आहे. त्यातला आडवा, चंद्रकोरीसारखा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. तक्ता एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना हे अदृश्य चिन्ह फालतू समजून गाळले गेले, की आडवा र उडून य च्या डोक्यावर रफार चढतो आणि ‘शेतकर्यांनो’ असे छापून येते. ज्याला उद्देशून जाहिरात आहे त्याचेच नाव चुकलेले मला खपत नाही. म्हणून मी सगळीकडे नुक्त्याचा ऱ घातला आणि २१२ पत्रकांवरचा हा एक शब्द पडद्यावर मोठा करून तपासला. मोबाइल क्रमांकही पाहिले, कारण काहींनी पुढे ९१ लावल्याने बारा आकडे झाले होते आणि एक्सेलने ते आखडून मधे E+ घातलेले विचित्र आकडे केले होते. एवढे डोळ्यांत तेल घालून तपासल्यावर काम बिनचूक झाले, अशी माझी खात्री पटली. पत्रके छापली, बांधली आणि एसटीच्या पार्सलने व दुचाकीवरून गावोगाव रवाना केली.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी एक सत्तरीचे काका पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ च्या झेरॉक्स काढायला आले. कागद त्यांनी एका रंगीत पत्रकात गुंडाळून आणले होते. पत्रक मीच छापलेले होते. झेरॉक्स निघेपर्यंत त्यांनी ते उलगडले, काउंटरवर तळहाताने सपाट केले आणि मला विचारले, “काऊन गा भाऊ, आमच्या गावाले कालवा कवा आला?”

मी पत्रक हातात घेतले. वर त्यांच्या गावच्या कृषी केंद्राच्या मालकाचा हसरा चेहरा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘शेतकऱ्यांनो, कालव्याचे पाणी आहे, मग पावसाची वाट कशाला? १ जूनपासूनच सरकी टोबा!’ सरकी टोबा म्हणजे कपाशीचे बी लावा. शेतकऱ्यांनो मधला आडवा र अगदी सुबक उमटला होता.

काकांचे गाव माळावरचे, निव्वळ कोरडवाहू. त्याच नावाचे दुसरे गाव मात्र अरुणावती प्रकल्पाच्या कालव्याखाली येते. आमच्या भागात खुर्द-बुद्रुक नसलेलीही सारख्या नावाची गावे आहेत आणि माणसे ती शेजारच्या मोठ्या गावावरून ओळखतात. तक्त्यात मात्र नुसते नाव होते. ठोक विक्रेत्याकडून मला दोन तक्ते मिळाले होते, एक केंद्रांचा आणि दुसरा गावनिहाय ओलीत-कोरडवाहूचा. ते मी गावाच्या नावावरून एक्सेलमधल्या व्हीलूकअप या शोधसूत्राने जोडले होते. हे सूत्र वरून खाली शोधत जाते आणि पहिले नाव जुळताच थांबते. पहिले नाव कालव्याखालच्या गावाचे होते, त्यामुळे माळावरच्या गावालाही तेच उत्तर मिळाले. सॉफ्टवेअरने सूचना दिली नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालीच नव्हती.

आमच्याकडे या चुकीचा अर्थ काय होतो, हे सांगितले पाहिजे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पहिल्या सरीवर भुलून कोरडवाहू वावरात बियाणे टाकले आणि मग पंधरा दिवस उघाड पडली, तर कोंब जळतात, दुबार पेरणी करावी लागते आणि दुसऱ्या बियाण्याचे पैसे उसनवारीनेच येतात. माझ्या वडिलांनी हे एकाहून अधिक वेळा सोसलेले मी पाहिले आहे. त्या दिवशी एकच गोष्ट आमच्या बाजूने होती. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातल्या पराटीची, म्हणजे कपाशीची, जी गत केली, त्यानंतर अळीला लवकर खाद्य मिळू नये म्हणून कपाशीचे बियाणे जूनपूर्वी शेतकऱ्याला विकू नये, असा दंडक त्या हंगामात पाळला जात होता. म्हणजे विक्री दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होणार होती. माझ्याजवळ एक दिवस होता.

ठोक विक्रेत्याला फोन केला. २१२ पैकी एका गावाचे काय एवढे घेऊन बसलात, असे उत्तर मिळाले. मग मी त्यांच्याशी वाद घातला नाही. नवा मजकूर लावून ५०० पत्रके स्वतःच्या खर्चाने काढली आणि दुपारी दोन वाजता, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, काकांना गाडीवर मागे बसवून त्यांच्या गावी निघालो.

केंद्राचे मालक माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे होते. पत्रकातला मजकूर त्यांनीही नीट वाचला नव्हता. आपला फोटो आणि नाव बरोबर आहे एवढे पाहून त्यांनी दोन दिवसांत साडेतीनशेच्या वर प्रती वाटल्या होत्या. मी सगळे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पत्रकातल्या आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, हे कंपनीनं म्हटलं असतं तं लोकायनं सोडून देल्लं असतं. हे म्या म्हटलं हाय. रात्री चार जन येऊन गेले, थैल्या बाजूले ठेवा म्हने.” त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते ऐकणे अधिक जड गेले. शिक्क्याच्या काळात जी दोन बोटे जागा त्या माणसाला कंपनीच्या बोलण्यापासून वेगळी ठेवत होती, ती मी त्याच्या संमतीवाचून पुसून टाकली होती. जाहिरातीत त्याचा चेहरा घातल्याने ती अधिक खपते, हे मला ठाऊक होते. ती ज्याच्या भरवशावर खपते तो भरवसा त्याने वीस वर्षे उधारीच्या वह्यांमधून कमावला आहे, हे मी विचारात घेतले नव्हते.

नवी पत्रके वाटून भागणार नव्हते, कारण जुनी घराघरांत गेली होती. संध्याकाळी त्यांनी हनुमान मंदिराचा भोंगा मागितला आणि स्वतः बोलले: माझ्या नावाच्या कागदावर चुकीचे छापले आहे, पाणी नसलेल्या वावरात सरकी टोबू नका, पाऊस पुरता पडू द्या. छापणाऱ्याची चूक आहे, असे ते म्हणाले नाहीत. मी त्यांना तसे म्हणायला सांगितले होते. भोंगा बंद झाल्यावर मंदिराच्या पारावर बसलेल्यांना मी स्वतः ते सांगितले आणि नवी पत्रके हातात दिली. काहींनी जुनी परत आणून दिली. बियाण्याच्या थैल्या बाजूला ठेवायला सांगणाऱ्या चौघांकडे आम्ही दोघे घरी जाऊन आलो. त्यातल्या एकाने चहा पाजला आणि विचारले, “मंग बाकीच्या गावाचं काय?”

तोच प्रश्न माझ्या मनात दुपारपासून होता. दुकानात परतल्यावर सॉफ्टवेअर न उघडता दोन्ही तक्ते कागदावर काढले आणि एकेक गाव पेन्सिलीने जुळवत बसलो. पहाटे तीनपर्यंत सारख्या नावाच्या आणखी तीन जोड्या सापडल्या. त्यांपैकी दोन जोड्यांत दोन्ही गावांना मजकूर योगायोगाने बरोबर गेला होता. तिसरीत कालव्याच्या गावाला कोरडवाहूचे पत्रक गेले होते. त्या केंद्राच्या मालकांना सकाळी सहा वाजता, त्यांनी दुकानाचे शटर उघडण्यापूर्वी, फोन केला.

आता माझ्या तक्त्यात गावाच्या नावाशेजारी जनगणनेतला सहा आकडी ग्राम संकेतांक असतो आणि तक्ते जोडायचे ते त्यावरूनच. सॉफ्टवेअर मी सोडलेले नाही. या हंगामातही त्यानेच काम केले. मात्र तक्त्यात एक रकाना असा आहे जो ते वाचत नाही. छपाईपूर्वी मी प्रत्येक दुकानदाराला फोन लावतो, त्याच्या तोंडी घातलेला मजकूर त्याला अक्षरशः वाचून दाखवतो आणि त्याने होकार दिला की त्या रकान्यात तारीख घालतो. यंदा अकरा जणांनी मजकूर बदलायला लावला. माळावरच्या त्या गावच्या मालकांनी तर सल्ल्याची ओळच काढायला सांगितली. “खाली जागा सोड,” ते म्हणाले, “म्या शिक्का मारतो.”