चार नंबरच्या थांब्यावरची खाडाखोड

आमच्या पक्षीगणनेच्या त्या दिवशीच्या फॉर्मवर चौथ्या थांब्यापुढे आठ नोंदी आहेत. सात पहिल्या मिनिटातल्या. आठवी ‘शिक्रा’ (एक शिकारी पक्षी) अशी लिहून, एक आडवी रेघ मारून खोडलेली आणि शेजारी पुन्हा लिहिलेली. फेब्रुवारी अखेरची, वारा पडलेली सकाळ होती. अशा सकाळी साध्या झाडीतही पाच मिनिटांत पंधरा-सोळा नोंदी होतात.

राखीव वनातली ही पायवाट पावणेदोन किलोमीटरची. तिच्यावर दर २५० मीटरला एक, असे आठ थांबे. अंतर याहून कमी ठेवलं तर एकच पक्षी दोनदा मोजला जातो. थांब्यावर पोचल्यावर आधी २ मिनिटं नुसतं उभं राहायचं, म्हणजे आपल्या चाहुलीने गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागतात. मग ५ मिनिटं मोजणी. सुरुवात सूर्योदयाला, त्याआधी नाही. उजाडण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात आवाज सगळ्यात जास्त असतात हे खरं, पण कोतवाल, दयाळ, बुलबुल सगळे एकदम लागलेले असतात आणि त्या गलक्यातून आकडा काढणं म्हणजे अंदाजपंचे. वाऱ्याचाही नियम आहे: बारीक डहाळ्या सतत हलायला लागल्या की गणना बंद. पानांच्या सळसळीत शिंप्यासारखा मोठ्या आवाजाचा पक्षी एक वेळ कळतो, वटवट्या साफ बुडतो.

तिसऱ्या आणि चौथ्या थांब्याच्या मधे गवताचा पट्टा लागतो. दवाने भरलेलं गवत चंदेरी-करडं दिसतं आणि त्यातून कुणी गेलं की मागे गडद हिरवी वाट उमटते. अशी वाट दिसली तर दव पडल्यानंतर तिथून माणूस, कुत्रं किंवा आणखी कुणीतरी गेलेलं असतं. त्या दिवशी गवत अखंड चंदेरी होतं. पायवाटेवर आडवी विणलेली कोळ्यांची जाळीही थेंबांसकट शाबूत होती. पुढे काय झालं ते समजायला हे दोन पुरावे कामी आले.

चौथ्या थांब्यावर मोजणीचं पहिलं मिनिट नेहमीसारखं गेलं. बुलबुल, शिंपी, गाणारा दयाळ, झुडपाखाली पाचोळा उलटापालटा करणारे सातभाई. मग कुठूनतरी एक बारीक, लांबट ‘सीऽऽ’ आली आणि सगळं एकदम बंद पडलं.

पक्ष्यांचे धोक्याचे आवाज ढोबळमानाने दोन जातींचे. बसलेला शत्रू दिसला तर खरखरीत, तुटक कलकलाट होतो. तो कुठून येतोय ते लगेच कळतं, कारण शेजाऱ्यांना गोळा करून शत्रूला हुसकायचं असतं. शत्रू हवेत असेल तर मात्र ही बारीक ‘सीऽऽ’. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही विरत जातात, त्यामुळे देणारा नेमका कुठे आहे हे कानाला सापडत नाही. ती ऐकली की आपण खाली झुडपात शोधत बसू नये, वर आणि मधल्या फांद्यांकडे बघावं. खार मात्र तेवढ्यातही एकसुरी चिरचिरत होती. खारीचा फायदा असा की धोका नजरेसमोर असेपर्यंत ती सहसा थांबत नाही. ती ज्या दिशेला तोंड करून बसली होती, तिकडून एक पक्षी जमिनीलगत आला. चार-पाच वेळा पंख मारून तरंगणं, मग वर उसळी घेऊन फांदीवर बसणं, बसल्यावर शेपूट डावी-उजवीकडे हलवणं. करडी पाठ, छातीवर तांबूस पट्टे, लांब पट्टेरी शेपूट. शिक्राच. लिहिला.

फांदी दाट सावलीत होती आणि इथे दुर्बिणीचा हिशेब येतो. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची दुर्बीण. तिच्यात ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ मधून अडीचच मिलिमीटर. अंधुक उजेडात बाहुली त्याहून बरीच मोठी उघडलेली असते, म्हणून छोट्या दुर्बिणीत मोठं पण काळपट चित्र दिसतं. ८×४२ मधून चोच दिसली: सरळ, टोकाशी किंचित वाकलेली. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी असते. शिवाय त्याच्या गळ्याच्या मधोमध एक उभी रेघ असते, ती इथे नव्हती. डोळ्याभोवती पिवळी कडी होती. पावशा, कोकिळेच्या कुळातला!

उन्हाळ्यात ‘पेरते व्हा’ सुरू झालं की पावशा ओळखायला डोळे लागतच नाहीत. हिवाळ्यात तो मुका असतो आणि रंग, पट्टे, उडणं, बसणं सगळंच शिक्र्यासारखं, त्यामुळे माणसं फसतात तसे पक्षीही फसतात. सातभाईंच्या घरट्यात तो अंडी घालतो, दोघांचीही अंडी निळी. हा शिकाऱ्याचा वेश त्याला तिथेच कामी येत असावा. उलट बाजूने कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची नक्कल बेमालूम करतो, म्हणून नुसत्या आवाजावर आम्ही शिक्रा लिहीत नाही. त्या दिवशी आकारावर लिहिला, तेही चुकलंच.

तो उडून गेल्यावर खार गप्प झाली, मग शिंपी बोलला, मग बुलबुल. पण तोवर ५ मिनिटं संपली होती. अशा वेळी मोजणी आणखी दोन मिनिटं ओढण्याचा मोह होतो. ती ओढली की तो थांबा इतर सात थांब्यांशी आणि स्वतःच्याच मागच्या वर्षांशी ताडून बघता येत नाही. पावशाची नोंद मात्र धरली, कारण दिसला मुदतीत, ओळख नंतर पटली तरी चालते. खाडाखोड रबराने करायची नाही, आधी काय वाटलं होतं तेही दिसायला हवं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘दुसऱ्या मिनिटापासून शांतता, पावशा बसलेला, माणसाचा वावर नाही.’ पाचव्या थांब्यावर नोंदी भरल्या चौदा.