खोबरेल तेलाची पळी

मे महिन्यात बाकावर बसलेल्या पोरांचे ओठ लांबून पाहिले तरी मला निदान करता येतं. माझा दवाखाना कणकवलीत. खाली देवगडकडे आंबा उतरायला लागला की इकडे तोंडाच्या कडेला काळसर चट्टे घेऊन पोरं यायला लागतात. "चीक उतलो," म्हणजे आंब्याचा चीक लागून कातडी उठली, असं त्यांच्या आयाच सांगतात. निदान तेच घेऊन येतात, मला फक्त मलम लिहून द्यायचं असतं. या सवयीनेच त्या वर्षी माझा घात केला.

ती आली तेव्हा ओढणीने तोंड झाकलेलं होतं. तिशी-पस्तिशीची असेल. ओढणी काढली तर पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळ्यांच्या जागी दोन चिरा राहिलेल्या. गालांवर बारीक पाणीदार फोड, हनुवटीला पिवळट खपली, आणि सगळा चेहरा तेलाने चकचकीत. देवगडच्या बाजूला एका बागेत ती आंबा भरायला जाते. फळं निवडायची, पुसायची, पेटीत पेंढा घालून बसवायची. देठ तुटला की चीक पिचकारीसारखा उडतो, हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. सोबत सासू होती. सासूच जास्त घाबरलेली.

मी फार खोलात गेलेच नाही. बाहेर चाळीस माणसं होती. पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, खाजेची गोळी दिली, आंब्याजवळ फिरकायचं नाही म्हणून बजावलं. सासूने दारातून विचारलं, "आणि त्याल लावू ना?"

"कसलं तेल?"

"खोबरेल. घरचाच."

"चालेल. हलक्या हाताने लावा." वर हे कागदावरही लिहून दिलं.

तेलाच्या बाबतीत मी तशी सहजासहजी होकार देणारी नाही, म्हणून हे जास्त लागलं. चेहऱ्यावर काहीबाही लावून आलेली माणसं हा माझा रोजचा धंदा आहे. नाकाच्या बाजूला आणि भुवयांत पांढरे-पिवळे पापुद्रे सुटतात, माणसाला वाटतं कातडी कोरडी पडली, आणि तो तेल चोपडतो. तिथे बहुतेक वेळा कोंड्याचीच भानगड असते. त्यामागे असलेली मॅलेसेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच अंगावर राहते आणि तिचं जेवणच मुळी तेलातली स्निग्धाम्लं. म्हणजे आपण रोज रात्री तिला पंगत वाढतो. ऑलिव्ह तेल महाग असतं म्हणून चांगलं असणार, असं मानणाऱ्या सुशिक्षित घरांतून हे दुखणं जास्त येतं. मग लिंबू लावून उन्हात जाणारे. त्यांच्या गालावर लिंबाचा रस जिथून ओघळला तिथून तपकिरी रेघ उमटते. लसूण वाटून बांधणाऱ्यांना तर चक्क भाजलेलं असतं. टी-ट्रीची बाटली मागवून थेंबच्या थेंब नुसते लावणारे हल्ली वाढलेत. ते तेल उघडं राहून जुनं झालं की अ‍ॅलर्जी करायला आणखी तयार होतं, पण बाटली संपेपर्यंत टाकवत नाही ना कुणाला.

या सगळ्यांत खोबरेलाने मला क्वचितच त्रास दिला. जिथे कोंड्याची भानगड नाही आणि मुरमं नाहीत, नुसती कोरडी, तडतडणारी कातडी आहे, तिथे ते चांगलंच काम करतं. म्हणून मी "चालेल" म्हणून मोकळी झाले.

नवव्या दिवशी दोघी परत आल्या. चेहरा पहिल्यापेक्षा वाईट. मी आधी स्वतःलाच दोष दिला. या जातीच्या अ‍ॅलर्जीत स्टिरॉइड फार लवकर थांबवलं की पुरळ दुप्पट जोराने उसळतं. दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत न्यावं लागतं, आणि मी पाच दिवसांत आटोपलं होतं. म्हटलं, सापडलं कारण. पेन उघडलं, आणि गोळ्या लिहायच्या आधी सहज म्हणाले, "हात बघू."

हात स्वच्छ होते.

आंबा भरणाऱ्या बाईला चीक उतला तर पहिले बोटांच्या बेचक्या आणि मनगटं धरतात. हिच्या मनगटावर एक टिपका नाही. शिवाय गेले नऊ दिवस ती बागेत गेलीच नव्हती, घरात आंबा कापलासुद्धा नव्हता. मग मी तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि चेहरा पहिल्या दिवशी पाहायला हवा होता तसा पाहिला. चीक उडाला की ठिपके येतात, ओघळला की रेघ येते. इथे नाकापासून कानाकडे जाणारे रुंद पट्टे होते, कपाळावर भुवयांच्या वरून आडवे. बोटं फिरवल्यासारखे. पट्ट्यांच्या मध्ये दोन-तीन ठिकाणी मोहरीएवढे काळे डाग.

"तेल कोण लावतं?"

"मीच लावतंय," सासू म्हणाली. "रोज रातीक. पळयेत कोमट करून. थंड त्याल मुरत नाय."

मी तिचे हात पाहिले. उजव्या अंगठ्याच्या नखाशी काळी कड. हळदीची, शेणाची, चिकाची नखं मी रोज पाहते. ही कड वेगळी होती, लाखेसारखी चमकणारी.

"काकी, त्या पळीत आणखी काय करता?"

ती थोडी गोंधळली. "काय करूचा? माझ्या पायांक भेगो पडतत, तेका बिब्बो तापवतंय."

सून पहिल्यांदाच बोलली. "पण पुसून घेतात त्या पळी."

बिब्बा ज्यांनी हाताळला असेल त्यांना पुसण्याचा अर्थ कळेल. त्या फळातलं काळं तेल डांबरासारखं चिकटतं, आणि तापवल्याने त्यातलं उतणारं द्रव्य मरत नाही. पूर्वी धोबी कपड्यावर खूण करायला हाच रस वापरत, कारण तो कितीही धुतला तरी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर नेमकी कॉलरच्या खुणेखाली पुरळ उठायला लागलं तेव्हा डॉक्टरांना त्याचा पत्ता लागला होता. विदर्भात गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बाया हाताला राख-तेल काहीतरी माखूनच बसतात, तरी भाजून निघतात. आपण ती गोडंबी डिंकाच्या लाडवात घालून खातो. वैद्यही भल्लातक, म्हणजे हाच बिब्बा, विटकरीच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत.

आणि गंमत, किंवा गंमत नाहीच ती, अशी की आंबा, काजू आणि बिब्बा हे एकाच कुळातले. त्यांच्या चिकातली उतणारी द्रव्यं इतकी सारखी की एकाची ओळख झालेली कातडी दुसऱ्यालाही ओळखते. अमेरिकेतली पॉयझन आयव्ही नावाची वेलही त्यांचीच नातलग. पहिल्या दिवशीचा चीक बहुधा खरा होता. एखादा थेंब गालावर उडाला असेल. त्यावर उपाय म्हणून जे लावलं, त्यातून रोज रात्री त्याच कुळाचा नवा डोस बसत गेला. माझ्या गोळ्यांनी पाच दिवस झाकलं गेलं. गोळ्या संपल्या आणि उघडं पडलं.

मग सासूलाच का नाही उतला? तिने तेच विचारलं. तळव्याची आणि टाचेची कातडी जाड, त्यातून द्रव्य आत शिरायला वेळ लागतो. आणि प्रत्येकाच्या अंगाला त्याची अ‍ॅलर्जी असतेच असं नाही. पापणीची कातडी आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ. हे सांगताना मी शब्द जपून वापरले. घरी गेल्यावर शेजारीपाजारी "सासूने सुनेच्या तोंडाला बिब्बा फासला" म्हणायला कमी करणार नाहीत, हे मला दिसत होतं. रोज रात्री सुनेच्या तोंडावर हात फिरवणारी सासू मला दवाखान्यात फार वेळा भेटलेली नाही.

म्हणून मी तिला एक काम दिलं. तेल पूर्ण बंद, आणि उकळून गार केलेल्या पाण्यात जुन्या धोतराचा मऊ तुकडा बुडवून, हलका पिळून, पंधरा मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचा. दिवसातून चार वेळा. ओल्या, पाझरणाऱ्या फोडांवर याच्याइतका चांगला घरगुती उपाय मला माहीत नाही. "नुसता पाणी?" तिला ते पटलं नाही, पण तिने केलं. मी गोळ्या या वेळी तीन आठवड्यांच्या दिल्या, हळूहळू उतरवत नेणाऱ्या.

महिन्याभराने सून आली तेव्हा कपाळावर थोडा काळसरपणा सोडला तर चेहरा तिचा होता. घरचं खोबरेल मी तिच्याकडून बाटलीतून थेट, पळी न दाखवता, कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस दोन वेळा लावून घेतलं होतं. काही झालं नाही. तेल सुटलं.

पळी त्यांनी मला आणून दिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांना ती घरात नको होती आणि फेकायची कुठे हे कळत नव्हतं. लोखंडाची, लहान दांड्याची, आत एका बाजूला काळा थर. दोघी गेल्यावर मी तो थर किती जाड आहे ते बघायला नखाने खरवडला. हातमोजा शेजारीच डब्यात होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उजव्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, आणि दुपारपर्यंत डावी पापणी जड झाली. आमच्या दवाखान्यातली सिस्टर समोर उभी राहून जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, खोबरेल लावूया काय थोडा? कोमट करून?"