बाबांचं प्रेस मशीन आणि टोनी आयोमीची दोन बोटं

गेले दोन महिने मला एकच नाद लागलाय, जुन्या रॉक आणि पॉप बँडमधली माणसं कुठनं आली, बँडच्या आधी पोटापाण्याला काय करायची ते वाचायचं आणि मग तीच गाणी परत ऐकायची. आणि खरंच सांगते, गाणी वेगळी ऐकू येतात.

सुरुवात झाली ब्लॅक सॅबथ ह्या इंग्लंडच्या चौघांच्या रॉक बँडपासून. ५ जुलै २०२५ ला त्यांचा शेवटचा शो झाला, बर्मिंगहॅममधल्या अ‍ॅस्टनला, व्हिला पार्क स्टेडियमवर, म्हणजे चौघंही ज्या भागात लहानाचे मोठे झाले त्याच भागात, आणि १७ दिवसांनी, २२ जुलैला त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. त्या रात्री मी पहिला अल्बम लावला, १९७० चा. जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड केलेला आहे तो. पाऊस, लांबून घंटा, आणि मग ते तीन सूर. कॉलेजपासून ऐकतेय पण त्या रात्री सहज पेटी काढून वाजवून बघितलं तर काय, सा, मग वरचा सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम! बास, एवढंच. आपल्या यमनमध्ये हाच तीव्र मध्यम किती गोड लागतो, आणि इथे सा च्या समोर एकटा उभा केल्यावर अंगावर काटा येतो. आजूबाजूला ग नाही, प नाही, आधाराला काहीच नाही, म्हणून असेल.

पण मला सांगायचंय ते टोनी आयोमीबद्दल, त्यांचा गिटारवाला. हा १७ वर्षांचा असताना शीट मेटलच्या फॅक्टरीत वेल्डिंग करायचा. बँडबरोबर बाहेर जायचं म्हणून नोकरी सोडलेली, शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी गेला तर आता परत जातच नाही म्हणत होता, आईने पाठवलं, काम अर्धवट टाकून येऊ नये म्हणून. त्या दिवशी पत्र्याच्या प्रेस मशीनवरची बाई आली नव्हती, तर ह्याला तिथे उभा केला. प्रेस हातावर आली, उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायच्या तोच हात.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून ठेवला थोडा वेळ. कारण माझे बाबा २६ वर्षं भोसरीत एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. आमच्या चाळीत बोट नसलेले काका म्हणजे काही विशेष गोष्ट नव्हती. प्रेसला दोन बटनं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर राहतात, पण पीस वाढवायचे म्हणून एक बटन कायमचं दाबून बांधून ठेवायचे आणि एका हाताने काम चालू. बाबांच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची तीन बोटं अशीच गेली. तो भजनात पखवाज वाजवायचा. नंतर नुसता टाळ घेऊन मागे बसायचा, आणि मी लहान होते तर मला वाटायचं की काकांना आता पखवाज आवडत नाही.

आयोमीला त्याच्या फोरमनने एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची, आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी सोलो वाजवणारा गिटारिस्ट. मग ह्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. टोपणातून तार जाणवत नाही आणि जाड तारा दाबल्या की दुखायचं, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा अजून सैल केल्या, १९७१ च्या अल्बमपर्यंत तर पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरून थेट काळी एकवर आला. बेसवाला गीझर बटलरही त्याच्याबरोबर खाली उतरला. तो जो जड, घोगरा, जमिनीतून आल्यासारखा आवाज आहे ना, ज्याला पुढे हेवी मेटल म्हणायला लागले, त्याच्यात त्या दुखऱ्या बोटांचा केवढा मोठा वाटा आहे! मी इतकी वर्षं समजत होते की भीतीदायक वाटावं म्हणून मुद्दाम केलेलं आहे सगळं.

मग क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड वाचायला घेतला. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा आणि शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथे पियानो शिकला, मित्रांबरोबर द हेक्टिक्स नावाचा बँड काढला. आमची सहावीची सहल पाचगणीला गेलेली, टेबल लँड झालं, जॅम झालं, आणि हे कुणी सांगितलंच नाही, अजून हळहळ वाटते. त्याच्या गाण्यात पाचगणी शोधत बसू नये असं माझं मत आहे, पण घरापासून समुद्रापार, हॉस्टेलात वाढलेला मुलगा, मग १९६४ च्या झांझिबारच्या क्रांतीनंतर सगळं सोडून लंडनला गेलेलं कुटुंब, असा माणूस एकाच गाण्यात बॅलड, ऑपेरा, हार्ड रॉक सगळं घालतो ह्याचं मला आता नवल वाटत नाही.

क्वीनमध्ये मला त्याच्याइतकाच आवडतो गिटारवाला ब्रायन मे. त्याची गिटार त्याने आणि वडिलांनी घरी केलीये, १९६३ पासून, जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, आत मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि वाजवतो सहा पेन्सच्या नाण्याने! विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून केलेली गिटार, आणि तोच आवाज पुढे जगभर. आणि १९७५ च्या त्या प्रसिद्ध 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गाण्यातला कोरस म्हणजे फ्रेडी, मे आणि ड्रमर रॉजर टेलर, फक्त तिघं, परत परत स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवत गेलेले, टेप झिजून आरपार दिसायला लागेपर्यंत.

आबा (ABBA) ह्या स्वीडिश पॉप बँडचंही जवळपास तेच, नुसत्या दोघी गायिकांच्या आवाजाचा एवढा भरगच्च नाद कसा, तर त्यांचा रेकॉर्डिंग इंजिनियर मायकल ट्रेटोव टेपचा स्पीड किंचित बदलून तेच परत रेकॉर्ड करायचा. आणि त्यांच्यातला बेनी अँडरसन घरी आजोबा-वडिलांकडून अ‍ॅकॉर्डियन शिकत वाढलेला, ते एकदा कळलं की त्यांच्या पॉपमध्ये गावच्या जत्रेची चाल ऐकू येते. त्यांच्यावर सविस्तर परत कधीतरी.

तर रविवारी बाबांना आयोमीची गोष्ट सांगितली आणि ते तीन सूर ऐकवले. बाबा इंग्रजी गाणी ऐकत नाहीत. पण हे पूर्ण ऐकलं, मधे बोलले नाहीत. संपल्यावर विचारलं, "हा पोरगा वेल्डर होता म्हणालीस ना?"

म्हटलं हो.

"मग त्याला प्रेसवर उभा कुणी केला?"